'अक्वेमिनाय' ऐकून कंटाळा आला. मग त्याला पाच माइक कसे मिळाले?

आधी तुमचा प्रश्न मला समजला तसा मांडतो, चुकलं तर सांगा. तुम्ही आणि तुमचा मित्र, दोघं मिळून मराठी रॅपचा पहिला अल्बम करताय. मित्राने तुम्हाला आउटकास्ट या अमेरिकी रॅप जोडीचा १९९८ चा 'अक्वेमिनाय' ऐकायला लावला आणि म्हणाला, आपला असा झाला पाहिजे. तुम्ही दोनदा लावला. दोन्ही वेळा बाराव्या गाण्याला, म्हणजे त्या सात मिनिटांच्या ट्रम्पेटवाल्याला, वैतागून बंद केला. 'द सोर्स' या अमेरिकी हिपहॉप मासिकाने याला पाचपैकी पाच माइक, म्हणजे पूर्ण गुण दिले होते. आता तुम्ही विचारताय की समीक्षकांनी याला उगाच डोक्यावर घेतलं का, आणि असा लांबलचक अल्बम आपण काढला तर लोक ऐकतील का.

हे दोन प्रश्न आहेत, आणि मला वाटतं खरा प्रश्न तिसराच आहे: मित्र एका दिशेला चाललाय, तुम्ही दुसऱ्या, आणि एकाच अल्बममध्ये दोघं मावणार कसे. तिथे येतोच, पण वळसा घालून.

मी पुण्यात रेकॉर्डिस्ट आहे, चोवीस वर्षं झाली. भावगीतं, जाहिराती, आरत्यांचे अल्बम, आणि गेली आठ-नऊ वर्षं निम्मं काम रॅपचं. 'अक्वेमिनाय' मी पहिल्यांदा ऐकला तो अमेरिकेहून आलेल्या मामेभावाच्या सीडीवर, कॉम्प्युटरच्या दोन डबड्या स्पीकरवर. मलाही आवडला नव्हता. निम्मे शब्द कळले नाहीत आणि उरलेल्या निम्म्यात दम वाटला नाही. पाच-सहा वर्षांनी स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर लावला तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत कळलं की तेव्हा मी अर्धाच अल्बम ऐकला होता. खालचा सगळा बास त्या डबड्यांनी गिळला होता. तेव्हा तुम्हाला कंटाळा का आला हे बरंचसं तुम्ही कशावर ऐकलंत यावर आहे. फोनचा स्पीकर साधारण दोनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही वाजवू शकत नाही, आणि या लोकांची अर्धी गोष्ट त्याच्या खालीच चालते. त्यांच्या गावात, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अटलांटात, गाणी गाडीत ऐकण्यासाठी बनायची, डिकीत वूफर ठेवून. त्यांच्या पहिल्या अल्बमच्या नावातच कॅडिलॅक गाडी आहे.

आता पाच माइकचं. त्यासाठी तीन वर्षं मागे जावं लागेल.

आउटकास्ट म्हणजे दोघं: आंद्रे बेंजामिन आणि अँटवान पॅटन, म्हणजे आंद्रे आणि बिग बॉय. दोघांचा जन्म १९७५ चा, दोघं अटलांटाला लागून असलेल्या ईस्ट पॉइंटच्या ट्राय-सिटीज हायस्कूलमधले. रिको वेड, रे मरे आणि स्लीपी ब्राउन या 'ऑर्गनाइझ्ड नॉइझ' नावाच्या तिघांनी त्यांना हाताशी धरलं. रिकोच्या आईच्या घराखालच्या मातीच्या तळघरात त्यांचा अड्डा होता. १९९४ ला पहिला अल्बम आला आणि चालला. पण तेव्हा हिपहॉप म्हणजे न्यूयॉर्क, नाहीतर लॉस एंजेलिस. दक्षिणेकडच्यांना कुणी खिजगणतीत धरत नव्हतं. त्यांचे उच्चार गावठी, त्यांचं संगीत नाचायचं.

३ ऑगस्ट १९९५ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 'द सोर्स' मासिकाचे पुरस्कार होते. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याचं भांडण त्या रात्री अगदी हातघाईवर आलं होतं. त्यात सर्वोत्तम नव्या जोडीचा पुरस्कार यांना जाहीर झाला आणि सभागृहाने हुर्यो उडवली. वीस वर्षांची पोरं, परका गाव, समोर ओरडणारी गर्दी. बिग बॉय सभ्यपणे चार शब्द बोलला. मग आंद्रे माइकपाशी गेला आणि जे बोलला त्याचा मराठीत अर्थ इतकाच: दक्षिणेलाही काही सांगायचंय. आणि खाली उतरला.

आता हे ऐका. 'अक्वेमिनाय'चं शेवटचं, सोळावं गाणं 'चाँकीफायर'. गिटार करकरत राहते, गाणं मंदावत जातं आणि शेवटी त्या रात्रीचं रेकॉर्डिंग ऐकू येतं: आंद्रेचं ते बोलणं, गर्दीच्या गोंगाटासकट. तीन वर्षं जपून ठेवलेली ती हुर्यो त्यांनी स्वतःच्या अल्बमच्या शेपटाला बांधला. तुम्ही बाराव्यालाच बंद केलात, म्हणून तुमच्यापर्यंत ती पोचलीच नाही.

अल्बम आला २९ सप्टेंबर १९९८ ला, लाफेस कंपनीकडून. त्याच दिवशी जे-झीचाही अल्बम आला, 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट'चाही आला आणि मॉस डेफ व तालिब क्वेली या जोडीचाही. हे तिन्ही न्यूयॉर्कचे. बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत जे-झी पहिला आणि आउटकास्ट दुसरे; पहिल्याच आठवड्यात सव्वादोन लाखांच्या वर प्रती गेल्या. पुढच्या वर्षी अमेरिकेत वीस लाखांचा टप्पा पार झाला. आणि 'द सोर्स'ने, ज्यांच्या मंचावर हुर्यो झाली त्याच मासिकाने, पाचपैकी पाच माइक दिले. दक्षिणेतल्या कुणाला मिळालेले ते पहिले पाच. तेव्हा पाच माइक म्हणजे आजच्या पाच चांदण्या नव्हेत, ज्या जेवणाच्या डब्यालाही मिळतात. ते वर्षानुवर्षं कुणालाच मिळायचे नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सहानुभूतीचे मार्क. मलाही काही काळ तशी शंका होती. पण सहानुभूतीचे मार्क मिळवायचे असते तर त्यांनी न्यूयॉर्कसारखं गाणं केलं असतं: जुन्या तबकडीतला चार मात्रांचा तुकडा, त्यावर ढोल, वर शब्दांची फैर. यांनी उलट केलं. वादकांना स्टुडिओत बसवलं, तासन्‌तास वाजवायला लावलं आणि त्यातून गाणी उचलली. निर्मितीचा मोठा भाग स्वतःकडे घेतला. 'रोझा पार्क्स' या गाण्यात मधेच ताल फक्त टाळ्यांचा आणि पायांचा उरतो आणि वर हार्मोनिका वाजते. ती वाजवणारे आंद्रेचे सावत्र वडील, स्वतः पाद्री. गावच्या चर्चच्या ओसरीवरचा आवाज थेट गाण्यात आणून बसवला. गावठी म्हणता ना, मग हे घ्या.

आणि तुमचं ते बारावं गाणं, 'स्पॉटीऑटीडोपालिशस'. त्यात रॅप जवळपास नाहीच. खाली रेगेसारखा जड, आळशी बास, वर ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची एकच ओळ पुन्हा पुन्हा, आणि मधे दोघं आळीपाळीने बोलतात, जसं कुणी रात्री कट्ट्यावर बोलेल. आंद्रे एका क्लबातली रात्र सांगतो, जी मारामारीवर जाते. बिग बॉय पुढची गोष्ट सांगतो: तिथेच भेटलेली मुलगी, मग संसार, मग मूल. आणि मग कुरियर कंपनीने आणि पोस्टाने नोकरीसाठी परत फोन केला नाही, कारण लघवीच्या तपासणीत नशा सापडली. हे सगळं त्याच सुरात, आवाज न चढवता. मधे ब्रास, म्हणजे ती ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची जोडी, तीच ओळ वाजवत राहतो. पहिल्यांदा ती ओळ पार्टीची वाटते, पोस्टाच्या उल्लेखानंतर तीच ओळ केविलवाणी वाटते. स्वर बदललेला नाही, ऐकणारा बदलला. हे करायला सात मिनिटं लागतात. साडेतीन मिनिटांत होत नाही. २०१६ मध्ये बियॉन्सेने तीच ब्रासची ओळ आपल्या एका गाण्यात घेतली, आणि कुणालाही ती कुठली हे विचारावं लागलं नाही.

आता तुमच्या तिसऱ्या, न विचारलेल्या प्रश्नाकडे येतो.

'अक्वेमिनाय' हा शब्द त्यांनीच जुळवला: बिग बॉयची रास कुंभ आणि आंद्रेची मिथुन, इंग्रजी नावांची सांधेजोड. तोवर दोघं दोन टोकांना गेले होते. आंद्रे फेटे बांधत होता, विचित्र कपडे घालत होता, दारू-गांजा सोडला होता. गावात कुजबूज चालू होती की हा बिघडला. बिग बॉय होता तसाच, गाड्या-मैफली-मुलीबाळींत रमलेला, शब्दांवर भयंकर पकड असलेला. दुसऱ्याच गाण्यात आंद्रे त्या कुजबुजीला तोंडावर उत्तर देतो. आणि अल्बमभर दोघं एकमेकांसारखे व्हायचा प्रयत्न करत नाहीत.

'द आर्ट ऑफ स्टोरीटेलिन'चा पहिला भाग ऐका. बिग बॉय एका मुलीची गोष्ट सांगतो, चावट, हसरी, एका भेटीची. मग आंद्रे त्याच तालावर दुसरीची. लहानपणी दोघं गवतात पडून तारे बघत असतात, तो विचारतो मोठी होऊन काय होणार, आणि ती म्हणते, जिवंत. पुढे ती नशेने मेलेली सापडते. ताल एकच, खालचे सूर तेच. पहिल्या कडव्यात हसला असाल तर दुसऱ्यात ते हसू तोंडावरच राहतं. एकट्या आंद्रेने दोन्ही कडवी लिहिली असती तर ते रडगाणं झालं असतं, आणि एकट्या बिग बॉयने लिहिली असती तर चावट विनोद. आपल्याकडे कलगी-तुऱ्यात दोन फड एकमेकांना कोड्यात पाडतात, कुणीतरी हरतं. इथे हरायचं कुणालाच नाही, पण बाजू मात्र पक्क्या दोनच आहेत.

माझ्याकडे घडलेलं सांगतो. काही वर्षांपूर्वी दोन मुलं अल्बम मिक्स करायला आली. नाव सांगत नाही, दोघंही चांगले आहेत. एक घोगरा, हळू बोलणारा. दुसरा पट्टीत वर, मशीनगन. पहिल्या दिवशी मिक्स छान बसलं. दुसऱ्या दिवशी हळू बोलणारा एकटाच आला, "दादा, माझा आवाज जरा वर घ्या ना." घेतला. संध्याकाळी दुसऱ्याचा फोन, "दादा, माझा दबलाय." त्याचाही घेतला. असं आठवडाभर. शेवटी दोन्ही आवाज इतके वर आले की खाली बीट होती की नव्हती कळेना. मग दोघांनीही कडवी पुन्हा रेकॉर्ड केली; घोगरा जोरात ओरडला आणि वेगवाला हळू झाला, म्हणजे दोघं एकमेकांसारखे झाले. अल्बम आला, लोकांनी ऐकला, कुणी काही वाईट बोललं नाही, कुणी काही बोललंच नाही. दोष माझाही होता. पहिल्या दिवसाचं मिक्स वाचवायला मी ठाम राहायला हवं होतं. तेव्हापासून जोडी आली की मी एक नियम सांगतो: मिक्स ऐकायला दोघांनी एकत्रच यायचं, आणि स्वतःच्या आवाजाबद्दल बोलायचं नाही, फक्त दुसऱ्याच्या. आश्चर्य वाटेल, पण सगळे दुसऱ्याचा आवाज वर घ्यायला सांगतात.

'अक्वेमिनाय' काही निर्दोष नाही, हेही सांगून टाकतो. पंचाहत्तर मिनिटांचा आहे, आणि त्या काळी सीडीत जागा होती म्हणून भरायची खोड सगळ्यांनाच होती. 'मामासिटा' हे गाणं मला आजही लांबलेलं वाटतं, मी ते ओलांडतो. गाण्यांमधले संवादाचे तुकडे तिसऱ्यांदा ऐकवत नाहीत. तुम्हाला तिथे कंटाळा आला असेल तर बरोबरच आला. पण 'लिबरेशन', ते पावणेनऊ मिनिटांचं, ज्यात सीलो हा गायक आणि एरिका बाडू ही गायिका आहेत, ते एकदा रात्री दिवा मालवून ऐका. त्याला रॅप म्हणायचं की प्रार्थना, मला अजून ठरवता आलेलं नाही.

जाता जाता एक गोष्ट, कारण पहिला अल्बम काढणाऱ्या प्रत्येकाला मी ती सांगतो. 'रोझा पार्क्स' हे गाणं रोझा पार्क्स यांच्याबद्दल नाही. बसच्या मागे जा, असा एक टोमणा ध्रुवपदात आहे, तेवढाच धागा. १९९९ मध्ये पार्क्स यांनी, ज्यांनी १९५५ साली माँटगोमेरीत गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला होता, नावाच्या वापराबद्दल दावा लावला. खालच्या कोर्टाने तो फेटाळला, २००३ मध्ये वरच्या कोर्टाने पुन्हा उभा केला, आणि २००५ च्या एप्रिलमध्ये तडजोड झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या वारल्या. गाणं ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत गेलं आणि सहा वर्षं कोर्टातही राहिलं. तुम्ही कुठल्या थोर माणसाचं नाव गाण्याला देणार असाल तर आधी विचार करा. आपल्याकडे तर कोर्टाच्या आधी लोक दारात येतात.

स्वागताबद्दल आणखी एक, कारण तुम्ही विचारलंत की लोक काय म्हणतील. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या ५०० सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत २०१२ मध्ये 'अक्वेमिनाय' होता अगदी शेवटच्या, ५०० व्या क्रमांकावर. २०२० मध्ये नव्याने मतदान झालं आणि तोच अल्बम ४९ वा आला. मधल्या आठ वर्षांत त्यातला एकही सूर बदलला नव्हता. मत देणारे बदलले. अटलांटाचं संगीत ऐकत वाढलेली पिढी मत द्यायला बसली. आउटकास्टने स्वतः २००३ मध्ये दोन सीडींचा अल्बम काढला, एक सीडी याची, एक त्याची. तो सर्वाधिक खपला आणि त्याला ग्रॅमीचा वर्षातला सर्वोत्तम अल्बम हा मान मिळाला. आवडतो मलाही. पण त्यात दोघं दोन खोल्यांत बसलेत, हे ऐकू येतं. त्यानंतर २००६ मध्ये एकच अल्बम आला, आणि जोडीचे अल्बम तिथे थांबले.

तर तुमच्यापुरतं. लांब करायचा की आखूड, हे तुमच्या गाण्यांवर आहे, मी ऐकलेली नाहीत. आज पंचाहत्तर मिनिटं कुणी देईल असं मला वाटत नाही, पस्तीस-चाळीस पुरेत; पण त्यात एक गाणं सात मिनिटांचं असेल आणि त्याला ती सात मिनिटं लागत असतील, तर ते कापू नका. पहिल्या महिन्याचे आकडे बघाल, बघू नका म्हणून सांगितलं तरी बघालच. फक्त त्यावरून दुसरा अल्बम ठरवू नका. तुम्ही साताऱ्याचे आहात असं लिहिलंय. गाण्यात पुण्यामुंबईच्या रॅपरसारखं बोलायचा मोह होईल, तो आवरा. तुमच्या नमुन्याच्या ओळीत "लय" आहे आणि कंसात "खूप" लिहिलंय, तो कंस काढून टाका. आणि मित्राला ब्रास हवाय तर भांडू नका. त्याच्या दोन गाण्यांत ब्रास असू दे, तुमच्या कडव्यात नको. दोघांची कडवी एका तालावर बसली म्हणजे झालं.

ब्रास कॉम्प्युटरवरचा वापरू नका, हे मात्र कळकळीने सांगतो. लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे असतात ना, त्यांच्यापैकी एकाला मी गेल्या वर्षी एका मुलाच्या गाण्यासाठी बोलावलं. मी म्हटलं, सी मायनर आहे. तो म्हणाला, "म्हणजे पांढरी एक ना?" दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा वाजवलं, आणि शेवटच्या स्वराला वरातीतला तो थरथरता झोका दिला, जो कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. दीड तासात काम झालं. पैसे तिथल्या तिथे रोख द्या, आणि बोलवायचं ते लग्नसराई उरकल्यावर, जूननंतर. मे महिन्यात ते फोनच उचलत नाहीत.